बीजींचं ना-हरकत पत्र

चंदीगडला बदली झाली तेव्हा सांगलीतल्या प्रत्येकाने आम्हाला जपून राहायला सांगितलं. पंजाबात त्या वर्षांत रोज माणसं मरत होती. बसमधून उतरवून, रांगेत उभी करून मारल्याच्या बातम्या आमच्याकडच्या पेपरातही पहिल्या पानावर यायच्या. मी जपले. अंधार पडायच्या आत घरी यायचं, बेवारस डब्याला हात लावायचा नाही, बसमध्ये खिडकीशी बसायचं नाही, सगळं पाळलं. आमच्या केसालाही धक्का लागला नाही. आमच्या हातून मात्र एका म्हाताऱ्या बाईचं घर गेलं, आणि ते मी माझ्या वळणदार अक्षरात, निळ्या शाईने लिहिलेल्या एका अर्जामुळे गेलं.

हे केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. सरकारी क्वार्टरची यादी मारुतीच्या शेपटीएवढी, म्हणून आम्ही भाड्याने एका घराचा वरचा मजला घेतला. खाली घरमालकीण एकट्याच राहायच्या. सत्तरीच्या, शीख, कायम पांढरी चुन्नी, गुडघे दुखायचे म्हणून भिंतीला हात लावत चालायच्या. सगळी गल्ली त्यांना बीजी म्हणायची, म्हणजे आई. आठवडाभरात आम्हीही म्हणू लागलो. त्यांचे यजमान शाळामास्तर होते. फाळणीत लायलपूरकडचं घर जसं होतं तसं टाकून दोघं आले, बरीच वर्षं कुठे कुठे राहिले, आणि हे शहर वसत होतं तेव्हा त्यांना हा प्लॉट मिळाला. मग एकेक खोली करत त्यांनी हे घर उभं केलं. वरच्या मजल्याच्या जिन्याला कठडा बसवायचा राहिला होता तेवढ्यात मास्तर गेले. कठडा पुढे बीजींनी बसवून घेतला.

त्यांना एकच मुलगी. दिल्लीत दिलेली. चौऱ्याऐंशीच्या शीखविरोधी दंगलीत तिच्या नवऱ्याचं दुकान जाळलं. घरातली माणसं शेजाऱ्यांनी कोळशाच्या खोलीत लपवली म्हणून वाचली. तेव्हापासून ती चौघं लुधियान्यात सासरच्या कुणाच्या तरी एका खोलीत दिवस काढत होती. मुलांच्या परीक्षा झाल्या की त्या वर्षी कायमचं बीजींकडे यायचं असं ठरलं होतं. आम्हाला क्वार्टर मिळालं की वरचा मजला त्यांचा, आणि नाहीच मिळालं तर खाली बीजींबरोबर. हे बीजींनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "तुम मेहमान हो, पुत्तर. घर उनका है." मला ते स्पष्ट बोलणं आवडलं. मी स्वतःला फार स्पष्ट समजत असे.

चकलीचं सुरू झालं ते गणपतीत. लष्करातल्या आणि हवाई दलातल्या मराठी कुटुंबांचा तिथे एक छोटा गणपती बसायचा. मी भाजणीच्या चकल्या नेल्या. आरती संपायच्या आत डबा रिकामा! एका मेजरच्या बायकोने तर कागदात गुंडाळून दोन पर्समध्ये ठेवल्या, मी बघत असताना. दिवाळीला त्या सगळ्या जणींनी मागणी केली. मग मेतकूट, मग गोडा मसाला. भाजणी दळायला चक्कीवाला आधी तयार होईना. "बहनजी, ये तो जला हुआ अनाज है," म्हणाला. शेवटी त्याने मला बुधवारची सकाळ दिली. माझं झालं की तो गुरांची भरड दळून जातं धुवायचा आणि मगच गव्हाला हात लावायचा.

वरचं स्वयंपाकघर खुराड्याएवढं होतं. तळणाचा धूर माझ्या डोळ्यांत आणि छताला. बीजीच एक दिवस जिन्याशी येऊन ओरडल्या, "ऊपर छत काली करेगी मेरी. नीचे आ जा." खाली त्यांच्या स्वयंपाकघरामागे एक व्हरांडा होता, वर पत्रा टाकलेला. तिथे मी स्टोव्ह मांडला. बीजी खाटेवर बसून धणे निवडायच्या, खसखशीतले खडे काढायच्या. मला पंजाबी कळायचं अर्धं, त्यांना माझं हिंदी पाऊण. माझी मुलगी शाळेतून यायची ती थेट खाली, आणि आमच्याशी मराठीत बोलायचा कंटाळा करणारी पोर बीजींशी तासन्‌तास त्यांच्या भाषेत बोलत बसायची. चकली मोडली तर बीजी ती स्वतःच्या तोंडात टाकून म्हणायच्या, "टूटी हुई मेरी." त्या दिवसांत मी सुखी होते. हे मी आत्ता लिहून ठेवते, कारण पुढे त्याला जागा राहणार नाही.

मग त्याच मेजरच्या बायकोने सुचवलं की त्यांच्या कँटीनमध्ये माझा माल बारा महिने ठेवता येईल. अट एकच, सगळं रीतसर हवं. बिल हवं, विक्रीकराचा नंबर हवा, खाद्यपदार्थाचा परवाना हवा, वजनकाट्यावर शिक्का हवा. दुसरी कुणी असती तर हात जोडून म्हणाली असती, बाई, तुमच्या डब्यापुरतं करते तेवढं पुरे. मला मात्र अंगात वारं शिरल्यासारखं झालं. मी एक जाड पुठ्ठ्याची फाइल आणली आणि तिच्यावर लेबल चिकटवलं.

आम्ही दोघंही कागदाची माणसं. ह्यांचे वडील तलाठ्याच्या कचेरीत कारकून, माझे वडील पोस्टात. घरात देवाइतकीच पावतीची पूजा. सरकारी नोकराच्या बायकोने धंदा केला तर खात्याला कळवावं लागतं, ते ह्यांनी पहिल्याच दिवशी तीन प्रतींत कळवलं. त्यांचे सहकारी हसले. त्यांच्यातल्या एकाच्या बायकोची शिवणाची मशीनं होती, दुसऱ्याची बायको शिकवण्या घ्यायची, कुणी कधी कळवलं नव्हतं. "सगळं कागदावर असलेलं बरं," हे म्हणाले. मी मान डोलावली. काटा घेऊन मी रिक्षाने गेले आणि शिक्का मारून आणला. तिथे मी एकटीच बाई होते आणि स्वतःहून आलेली तर बहुधा वर्षभरातली पहिलीच. शिक्का मारणाऱ्याने मला खुर्ची दिली. मला कोण अभिमान!

खाद्यपदार्थांच्या परवान्याच्या खिडकीवर एक कारकून होता, पन्नाशीचा, स्वेटरवर स्वेटर घातलेला. त्याने माझा अर्ज वाचला, वरपासून खालपर्यंत, आणि पेन खाली ठेवलं.

"मैडम जी, ये पता घर का है?"

"हो. म्हणजे, हां जी."

"घर का मत लिखो. किसी बूथ का लिख दो. मार्केट में किसी का भी."

"पर बनता तो घर में है."

"बनता तो सबका घर में ही है जी," तो म्हणाला आणि हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला की त्याच्या साडूचा बूथ, म्हणजे बाजारात दुकानाचा गाळा, आहे, तिथला पत्ता लिहायला तो नाही म्हणणार नाही. बदल्यात काही मागितलं नाही. आज मला खात्री आहे की त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. एक परक्या मुलखातली बाई खड्ड्यात पडताना दिसली, त्याने हात पुढे केला.

मी काय केलं? मी चढले. भर खिडकीवर, मागे रांग असताना, मी त्याला सुनावलं की आमच्यात खोटं लिहायची पद्धत नाही. जिथे करते तिथलाच पत्ता लिहीन. माझ्या मनात आईचं वाक्य घुमत होतं, कर नाही त्याला डर कशाला. कारकुनाने खांदे उडवले. "फिर मालिक की चिट्ठी लगेगी. और नक्शा," म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

नकाशा मी काढला. पट्टीने. खोल्या, मोरी, व्हरांडा, आणि त्यावर 'पत्र्याचे छप्पर' असं नीट लिहून. शाळेत माझी भूमिती चांगली होती.

चिठ्ठी ह्यांनी इंग्रजीत लिहिली, ऑफिसच्या थाटात. माझ्या घराच्या मागील व्हरांड्यात माझी भाडेकरू विक्रीसाठी खाद्यपदार्थ तयार करते, यास माझी हरकत नाही. मी ती बीजींना हिंदीत वाचून दाखवली. त्यांनी ऐकलीसुद्धा नसावी, त्या माझ्या मुलीच्या वेणीतला गुंता सोडवत होत्या. "तूने लिखा है तो ठीक ही होगा," म्हणाल्या. मग पेन घेऊन गुरमुखीत सही केली, मास्तरांनी शिकवली होती तशी, एकेक अक्षर थांबून थांबून.

त्या शहरातला प्रत्येक प्लॉट सरकारने अटीवर दिलेला होता. राहण्यासाठी म्हणजे राहण्यासाठी. तिथे धंदा केला तर त्याला 'मिसयूज' म्हणायचे, नोटीस यायची, आणि प्रकरण शेवटाला गेलं तर प्लॉट परत सरकारजमा व्हायचा, वरच्या घरासकट. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तर सगळे बूथचा पत्ता लिहायचे. आम्हाला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे ठाऊक करून घ्यायची गरजच आम्हाला कधी पडली नव्हती. आम्ही बदलीवाले. तीन वर्षं इथे, तीन वर्षं तिथे, बिऱ्हाड पाठीवर. ज्याचं घरच नसतं त्याला घर जाण्याची भीती कुठून असणार? आमचं खरं बोलणं फार स्वस्तातलं होतं. त्याची किंमत आमच्या खिशातून कधी जायचीच नाही.

माझा अर्ज नियमाप्रमाणे शेरा मारण्यासाठी प्लॉटच्या कचेरीत गेला. दीड महिन्याने बीजींच्या नावाने नोटीस आली. बीजींनी खालून हाक मारली, "पुत्तर, अंग्रेजी आई है."

मी जिन्यात उभी राहून वाचली. मग परत वाचली. निवासी जागेचा व्यावसायिक वापर, आणि विनापरवाना पत्र्याचं छप्पर. प्लॉट का परत घेऊ नये याचं कारण दाखवा. माझी फाइल, माझा नकाशा, माझं पट्टीने मारलेलं छप्पर. आणि बीजींना मी काय सांगितलं? की छपराबद्दल काहीतरी आलंय, बघते मी. खिडकीवर रांगेसमोर छाती पुढे काढणारी मी, एका म्हातारीला अख्खी नोटीस वाचून दाखवू शकले नाही.

त्याच दिवशी मी स्टोव्ह वर नेला. ह्यांनी दोन माणसं बोलावून पत्रा उतरवला. बीजींना अर्थातच कळलं. गल्लीनेच सांगितलं त्यांना. त्या चिडल्या नाहीत. खाटेवर बसून उघड्या व्हरांड्यातून आकाशाकडे बघत म्हणाल्या, "मास्टरजी ने डाला था वो पतरा." मग विचारलं, "घर तो नहीं जाएगा ना?"

"नाही हो बीजी," मी मराठीतच म्हणाले. त्यांना कळलं.

सुनावणीची पहिली तारीख आली त्याच्या आदल्या दिवशी कुठेतरी बस अडवून माणसं मारली. शहर बंद. रिक्षा नाही, बस नाही. आम्ही दोघी चालत निघालो. बीजी दर शंभर पावलांवर थांबायच्या. दुसऱ्या चौकात निमलष्करी जवानांनी अडवलं. मी नोटीस दाखवली. त्यातला एक दक्षिणेकडचा होता, त्याने कागद बघून परत दिला. "ऑफिस बंद, अम्मा. घर जाओ." ऑफिस बंद होतं की नाही हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या तारखेला साहेब कुठल्याशा बंदोबस्ताच्या बैठकीला गेले होते. तिसरी तारीख फेब्रुवारीतली मिळाली. मुलांच्या परीक्षा मार्चमध्ये. लुधियान्याहून मुलीची पत्रं येत होती, बीजी ती माझ्याकडून लपवत नव्हत्या. सामान किती आणू, शाळेत नाव घातलंस का, असं त्यांत असायचं. बीजी मला विचारायच्या, "क्या लिखूँ?" आणि मी सांगायचे, लिहा, आणा सगळं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी शहाणी नव्हते, म्हणून वकिलाकडे गेले. कोर्टाबाहेर टाइपरायटरच्या टेबलांची रांग होती, तिच्या शेवटी ह्या गृहस्थांची खुर्ची. त्यांनी नोटीस वाचली आणि चुटकी वाजवली. "सीधा इनकार करो. कुछ बना ही नहीं. किराएदार का घर का अचार-पापड़ था, बस. हलफनामा दे दो."

"पण चिठ्ठी? बीजींनी संमती दिलेली चिठ्ठी आहे ना."

"वो लाइसेंस वाली फाइल में पड़ी होगी. इस फाइल में सिर्फ रिपोर्ट आती है. और आजकल कौन फाइल खोलता है, मैडम? सब अपनी जान देख रहे हैं."

घरी हे म्हणाले, आपण स्टोव्ह काढला, पत्रा काढला, तेच लिहून देऊ. मी त्यांच्यावर ओरडले. खरं लिहूनच हे झालंय, अजून किती खरं लिहायचंय तुम्हाला? मला इतकी भीती वाटत होती की मला त्या वकिलाचा निर्धास्तपणा हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की जग जसं चालतं तसं आपण चालावं. खिडकीवर मला शहाणपण सांगणाऱ्याचं मी ऐकलं नाही आणि इथे मात्र ऐकलं. दोन्ही वेळा मी चुकीच्या माणसावर विश्वास ठेवला, पहिल्या वेळी तर फक्त स्वतःवर.

नोटीस बीजींच्या नावाची, म्हणून प्रतिज्ञापत्रही बीजींचं. मी टाइप करून आणलं आणि खाली नेलं. ह्या वेळी त्यांनी प्रत्येक ओळ ऐकली.

"पर बनता तो था," त्या म्हणाल्या.

"बीजी, सब यही लिखते हैं."

"मैं रब की कसम खाकर लिखूँ कि नहीं बनता था?"

मी त्यांना मुलीची आठवण करून दिली. तिची चार माणसं, एक खोली. हे मी करायला नको होतं. बीजींनी चुन्नी डोक्यावर ओढली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि सही केली. त्या संध्याकाळी त्या गुरुद्वाऱ्यात गेल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या तारखेला कचेरीच्या दाराशी वाळूच्या पोत्यांचा आडोसा होता. दोनदा झडती झाली. माझ्या पर्समधलं लोणच्याचं डबडंही उघडून बघितलं. आत साहेब बसले होते, सरदार, दाढीत पांढरं मिसळलेलं, मागे कार्बाइनवाला शिपाई. त्यांनी उठून बीजींना खुर्ची दिली. पंजाबीत विचारपूस केली, मूळ कुठलं गाव, मास्तर कुठल्या शाळेत होते. मला वाटलं, झालं, देव पावला.

मग त्यांनी विचारलं की घरात विक्रीसाठी काही बनत होतं का. बीजींनी मी पाठ करून घेतलेलं वाक्य म्हटलं. नाही जी, कधीच नाही. आमच्या वकिलाने प्रतिज्ञापत्र पुढे केलं. साहेबांनी ते वाचलं, आणि स्वतःच्या फाइलची नाडी सोडली. त्यांच्या फाइलमध्ये सगळं होतं. माझा अर्ज, माझा नकाशा, आणि ह्यांनी लिहिलेली चिठ्ठी. कोण म्हणतं त्या काळात कुणी फाइल उघडत नव्हतं? त्यांनी चिठ्ठी उलटी फिरवून बीजींसमोर ठेवली.

"माताजी, एह दस्तखत तुहाडे ने?"

बीजींनी कागदाकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हां जी, मेरे ने."

साहेबांनी चष्मा काढला. आमचा वकील त्या आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला होता. साहेब माझ्याशी हिंदीत बोलले, कारण त्यांना कळलं होतं की हे सगळं कुणाचं आहे. म्हणाले, तुम्ही नुसतं लिहून दिलं असतं की करत होतो, बंद केलं, पत्रा काढला, तर आज मी ही नोटीस इथेच मिटवली असती. अशा नोटिशी रोज मिटवतो. पण हे शपथेवर खोटं आहे, आणि ते रेकॉर्डवर आलं. "मैं भी सरदार हूँ. आज के दिन में एक सरदारनी की झूठी फाइल मैं बंद करूँ, तो कल मेरी फाइल खुलेगी. समझ रही हैं आप?"

मी समजत होते. मी गयावया केली. माझी चूक आहे म्हणाले, दंड करा, मला आत टाका, ह्यांच्या नोकरीवर लिहा. ते म्हणाले की प्लॉट तुमच्या नावावर नाही. बीजी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी साहेबांना हात जोडले आणि भिंत धरत बाहेर चालू लागल्या. माझा हात त्यांनी धरला नाही.

हुकूम तीन आठवड्यांनी आला, प्लॉट घरासकट सरकारजमा. अपील केलं. अपिलाच्या एका तारखेला कर्फ्यू, एका तारखेला वकिलांचा संप, आणि तिसऱ्या तारखेला पाच मिनिटांत फेटाळलं. वरच्या कोर्टात जाता येतं असं सगळे सांगत होते आणि बीजी मान हलवून नाही म्हणत होत्या. परवान्याचा अर्ज नामंजूर झाल्याचं कार्डही मधेच केव्हातरी आलं. ह्यांनी खात्याला कळवलं की पत्नीचा व्यवसाय बंद झाला आहे. तेही तीन प्रतींत.

अपील फेटाळलं त्याच महिन्यात यादीत आमचा नंबर लागला आणि क्वार्टर मिळालं. लोक अभिनंदन करत होते. माझ्या मुलीने विचारलं, "मम्मी, बीजी भी चलेंगी ना हमारे साथ?" ती चार वेळा विचारत राहिली, आणि चौथ्या वेळी मी तिला धपाटा घातला. त्या धपाट्याचीही मला लाज वाटते. खरं तर मी बीजींना विचारलं होतं. त्यांनी इतकंच म्हटलं की सरकारी घरात त्यांना झोप येणार नाही.

आम्ही निघालो त्या दुपारी बीजींची मुलगी लुधियान्याहून त्यांना न्यायला आली होती. राहायला यायची होती ती न्यायला आली. दोन ट्रंका, एक खाट, मास्तरांचा फोटो. त्या एका खोलीत आता पाच माणसं राहणार होती. माझ्या समोरून बीजींची मुलगी भांड्यांचं पोतं ओढत नेत होती आणि मी मदतीला वाकले तशी तिने पोतं सोडून दिलं आणि मी सरकेपर्यंत बाजूला उभी राहिली.

बीजी बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. मी एक वाक्य हिंदीत जुळवून ठेवलं होतं, चुका होऊ नयेत म्हणून मनात दहादा म्हटलेलं. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, सवयीने, आणि मला बोलू दिलं नाही.

"घर तो मेरा पहले भी गया है, पुत्तर. वो मैं सह लूँगी. तू एक बात बता दे मुझे." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. माझ्या मुलीच्या वेणीतला गुंता सोडवताना असायचा तसाच होता. "सच था तो तूने अपने नाम से लिखा. झूठ मेरे नाम से क्यों लिखवाया?"

त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही, पायांकडे बघत राहिले. ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मग मी उठले आणि जाऊन ट्रकमध्ये बसले.